वेग जाणवलाच नाही!

मारतहळ्ळीच्या पुलापाशी संध्याकाळी सायकलवालाही मोटारीच्या पुढे निघून जातो. तिथे स्पोर्ट्‌स सेदान घेऊन करायचे काय, असे बायकोने इंजिनिअर नवऱ्याला विचारले होते. उत्तर मिळाले दिवाळीत, कोल्हापूरला सासरी जाताना. तुमकूर मागे पडले आणि काटा १२० वर गेला, तरी गाडी हलेना की डुलेना. बुटकी बांधणी, कडक सस्पेन्शन, रुंद टायर! मागे लेक गाढ झोपलेली. वेग जाणवतच नव्हता, आणि खरा धोका तोच.

निपाणीच्या अलीकडे तवंदी घाटात रस्ता ओला होता. उताराच्या वळणावर वेग जरा जास्तच राहिला. दचकून त्याने वळणातच ब्रेक दाबला. वजन पुढे झुकले, मागची चाके हलकी झाली, गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला.

"अहो!" ती एवढेच म्हणू शकली. गाडी कशीबशी सावरली.

जन्मभर एस.टी. चालवलेले सासरे रात्री म्हणाले, "ब्रेक वळणाआधी लावायचा, पोरा. वळणात नाही."

हिशेबही तसाच आहे. ताशी ८० किलोमीटरला निभणारे वळण १०० ला दीडपटीहून जास्त पकड मागते. टायर कितीही महागडा असो, रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढाच.

परतताना तवंदीच्या चढावर तिने काट्याकडे पाहिले. पन्नास. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. नवऱ्याने त्याला निमूटपणे पुढे जाऊ दिले.