उलटा हेलकावा

मागच्या महिन्यात विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं काम सुरू झालं आणि एका सकाळी खिडकीतून डिझेलचा वास घरात आला. खाली काँक्रीटचा मिक्सर, त्याला एका सिलिंडरचं इंजिन. जेवणाच्या सुट्टीत कामावरच्या पोरानं ते बंद केलं. धडधड विरत गेली, चाक रेंगाळलं आणि थांबता थांबता थोडं मागे गेलं. पोळी तव्यावर तशीच ठेवून मी बघत राहिले. तो उलटा हेलकावा मी पस्तीस वर्षांनी पाहत होते.

कुंडलजवळच्या आमच्या गावी थोरल्या तात्यांची पिठाची गिरणी होती. मे महिन्यात आप्पा आठ दिवसांची रजा काढून आम्हाला तिकडे न्यायचे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना माझ्या छातीला लागतील एवढी लोखंडी चाकं, एकावरून पट्टा गिरणीकडे गेलेला, धुराड्याच्या तोंडावर पालथा घातलेला डबा. त्या डब्याची पुकपुक ओढ्यापलीकडे ऐकू गेली की बाया दळण डोक्यावर घेऊन निघायच्या. एकदा तात्यांनी डिझेल बंद केलं, पुकपुक थांबली आणि मी चाकाचे आरे मोजायला धावले. आप्पांनी मागून फ्रॉकला धरून खेचलं. "थांब पोरी. इंजिन बंद झालंय, चाक नाही."

विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृतीवर माझा राग आहे तो तेव्हापासून. सिलिंडरची चार चित्रं ओळीनं: हवा आत, हवेवर दाब, स्फोट, धूर बाहेर. चारांतल्या तिसऱ्याच चित्रात पिस्टनला जोर मिळतो. मग दुसऱ्या चित्रात हवा दाबायला त्याला वर कोण ढकलतं? मी विचारलं. "आपोआप जातो," बाई म्हणाल्या. आपोआप काहीच जात नाही. चार चित्रांत चाक कुठेच काढलेलं नव्हतं. स्फोटाचा जोर चाकाच्या दोन फेऱ्यांपैकी जेमतेम अर्धा फेरा पुरतो. उरलेला दीड फेरा चाक ओढतं. झटक्यातला काही भाग ते स्वतःजवळ ठेवतं आणि पिस्टन रिकामा असताना त्याला परत देतं. म्हणून त्याचं वजन मधे नसतं, कडेला असतं: तेवढंच लोखंड दुप्पट लांब नेलं तर त्याच वेगाला साठवण चौपट. सहा सिलिंडर असले की झटके इतके लागोपाठ येतात की एकाचा जोर सरण्याआधी दुसऱ्याचा सुरू होतो. तिथे चाक हलकं चालतं. एकट्या सिलिंडरला मात्र जड चाकच लागतं.

गावाहून परतताना आम्ही किर्लोस्करवाडीला गाडी पकडायचो. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली मास्तरकी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला गेले, तिथे त्यांच्या सुरुवातीच्या मालात कडबा कापायचं यंत्र होतं. 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर त्यांनी ही वाडी वसवली. खडकीला किर्लोस्करांचा डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला तो 1946 मध्ये. मला इंजिनापेक्षा ते कडब्याचं यंत्र जास्त जवळचं वाटतं. त्याची पाती थेट चाकालाच बसवलेली असतात. सिलिंडरच्या जागी माणसाचा दंड. म्हणजे आमच्या गोठ्यांत चाक आधी आलं, इंजिन मागून.

आप्पा एकोणिसाव्या वर्षी विक्रोळीला आले आणि शास्त्री मार्गालगतच्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर लागले. प्रेसलाही तसंच चाक, पण व्यवहार उलटा. इंजिनात झटका चाकात शिरतो, प्रेसमध्ये तो चाकातून बाहेर पडतो. लहानशी मोटर दोन ठोक्यांच्या मधे चाकात जोर भरत राहते आणि क्लच लागला की तो क्षणात पत्र्यावर उतरतो. एका रात्रपाळीत डायमध्ये अडकलेला तुकडा काढताना आप्पांच्या तर्जनीचं टोक गेलं. मोटर बंद होती. मला ज्यांनी फ्रॉक धरून शिकवलं होतं, त्यांनाच. चाकाचा राग मला कधी आला नाही. तिथे जाळी न बसवणाऱ्या माणसाचा अजून येतो.

याच विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात, इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं घडतात. त्यांत पिस्टन नाही, जड चाक नाही. दोन-तीन मिनिटांत सगळं जळून मोकळं. मला अभिमान वाटतो त्यांचा. पण आप्पांच्या जातीचं इंजिन ते नव्हे. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं आप्पा पहाटे पाचला उठून, दाढी करून, पहिल्या पाळीला निघाल्यासारखे खुर्चीत बसत.

गावाबद्दल ते बोलत नसत. बोलीही इथलीच झाली होती. गेल्या पावसाळ्यात, शेवटच्या वीसेक दिवसांत मात्र अचानक म्हणायला लागले, "दळाण निघालं का गं? पट्टा सुटला असंल, तात्याला सांग." डॉक्टर म्हणाले, सोडियम उतरलंय, त्यामुळे भ्रम होतो. खरंच असेल ते.

पण चाक शेवटी मागे का जातं, ते मला त्या दिवशी खिडकीत उभं राहून कळलं. वेग सरत आला की एक फेरा असा येतो, ज्यात सिलिंडरमधली हवा पुरती दाबून पलीकडे जाण्याइतका जोर चाकात उरत नाही. मग ती कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी उलटते आणि पिस्टनला मागे लोटते. वेग होता तोवर तिला कधी सवडच मिळाली नव्हती.

दोन वाजता पोरगा परत आला. लिव्हर उचलून त्यानं कोंडलेल्या हवेला वाट दिली, हँडल मारून चाकाला वेग दिला, लिव्हर सोडली, आणि इंजिन सुरू झालं.

गेल्या पावसाळ्यात मी दर वेळी आप्पांना समजावत होते, "आप्पा, आपण विक्रोळीत आहोत. इथे गिरणी नाही." चुकलं माझं. तेव्हा म्हणायला हवं होतं: निघालं, आप्पा. पीठ अजून गरम आहे.