कान्हेरीची निर्वाणवीथी आणि राहून गेलेले एक उत्तर

या स्मरणिकेत शाळेची वाटचाल, निकाल आणि दानदाते यांविषयी अधिकाराने लिहिणारे पुष्कळ जण आहेत. आम्ही मात्र १९९७ सालच्या एका सहलीविषयी लिहीत आहोत. त्या सहलीत एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे राहून गेले आहे.

त्या वर्षी बाबासाहेबांची जयंती आटोपून आम्ही सातवी-आठवीची मुले घेऊन कान्हेरीस गेलो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील या डोंगरात इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. वैशाखवणव्यातही पोढ्यांत पाणी होते. कल्याणच्या लोहाराचे आणि चेऊलच्या सोनाराच्या मुलाचे दान तेथील शिलालेखांत नोंदलेले आहे, हे आम्ही मुलांना सांगितले. घाम गाळणाऱ्या हातांची नावे दगडावर कोरलेली आहेत, हे ऐकून मुले ताठ उभी राहिली. इतिहासाच्या शिक्षकास याहून अधिक काय हवे असते!

अखेरीस आम्ही डोंगराच्या कडेला असलेल्या निर्वाणवीथीत पोहोचलो. इतर लेणी छिन्नीने घडली. येथे मात्र पुढे झुकलेल्या कातळानेच लांबलचक छत धरले आहे. त्या नैसर्गिक आडोशाखाली दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ विटांचे लहान लहान स्तूप उभारले गेले होते. आज त्यांचे बहुतांशी पायेच उरले आहेत. डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी येथील स्मृतिलेखांचा अभ्यास केला, म्हणून त्यांतील काही थेरांची नावे आपणांस कळली.

त्या जागेत माणसांखेरीज अनेकांचा संसार चालला होता. वर कातळाला आग्या मोहोळ लोंबत होते. पाकोळ्या छताखाली शिरून क्षणात बाहेर पडत होत्या. खालच्या झाडीत वानरांची हालचाल होती. बिबट्याचे हे रान आहे हे ठाऊक असल्यामुळे मुले एकमेकांना चिकटून चालत होती. आतल्या बाजूस एका खोल, अंधाऱ्या भेगेत वटवाघळे टांगलेली दिसली. एक मुलगा म्हणाला, "सर, हे अशुभ असतं. आजी म्हणते, घरात शिरलं तर कुणीतरी जातं."

अंधश्रद्धेचे हे बोल आम्हांला सहन झाले नाहीत. मुलांची भीती घालवावी आणि या वास्तूवरील आपला हक्कही त्यांच्या मनात ठसावा, या आवेशात आम्ही भेगेपाशी उभे राहून तथागतांचा जयघोष केला. चाळीस मुलांनी तो उचलून धरला. कातळ घुमला. पुढच्याच क्षणी वटवाघळांचा लोट आमच्या डोक्यांवरून भर उन्हात बाहेर पडला आणि एक पिल्लू विटांच्या पायावर पडले. केस नुकतेच फुटलेले, मुठीएवढेही नसलेले.

सारे गप्प झाले. तेव्हा आठवीतील एका मुलाने विचारले, "सर, आपलं घर परत मिळालं म्हणून ओरडलो, पण त्यांचं घर नव्हतं का हे?" आम्ही त्याला रांगेत उभे राहावयास सांगितले. उत्तर नसले की शिक्षक शिस्त पुढे करतो.

एक वयस्क पहारेकरी धावत आला. गमछाने पिल्लू उचलून त्याने ते भेगेच्या कडेवर ठेवले व म्हणाला, "आता लांब व्हा मास्तर. तुम्ही असाल तोवर त्याची आई येणार नाही." आम्ही निघालो. आई आली की नाही, हे आम्हांला कधीच कळले नाही.

पुढे विनयाचा अभ्यास करताना वर्षावासाचे कारण वाचनात आले. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्षूंच्या पायांखाली कोवळे गवत व बारीक जीव चिरडले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा भगवंतांनी पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. ज्या वर्षावासासाठी भिक्षूंना अशा डोंगरांत निवारा लागे, त्याच्या मुळाशीच इतरांचा जीव तुडवला जाऊ नये ही काळजी होती! आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा व मैत्री यांतील भेद सांगितला आहे: करुणा माणसांपुरती असते, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. हा भेद आम्ही वर्गात कितीदा फळ्यावर लिहिला होता!

आणखी एक गोष्ट नंतर कळली. पिंपळाच्या बिया दूरवर नेऊन टाकणाऱ्यांत फळे खाणारी वटवाघळेही असतात. ज्या वृक्षाखाली बोधी प्राप्त झाली, त्या जातीची रोपे आज कातळाच्या फटीत उगवतात, त्यामागे याच 'अशुभ' प्राण्याचे श्रम असू शकतात. ज्यांना जन्मावरून अशुभ ठरविले गेले, अशांच्या वंशजांनी दुसऱ्या कोणाच्या जन्मास अशुभ म्हणू नये, एवढे तरी आम्ही त्या दिवशी मुलांना सांगावयास हवे होते.

शेकडो वर्षे ही लेणी पांडवांच्या नावावर सांगितली गेली. ती आपली आहेत असे म्हणणे न्याय्यच आहे, आणि ते आपण म्हणतच राहू. परंतु हक्क सांगण्यासाठी आवाज चढवावाच लागतो असे नाही. त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत आम्ही निर्वाणवीथीबाहेर पाच मिनिटे मौन बसून मगच हळू आवाजात त्रिशरण घेतले. विजेऱ्या पिशवीतच राहिल्या.

आठवीतल्या त्या आमच्या विद्यार्थ्या, तू आज चाळिशी ओलांडली असशील. ही स्मरणिका तुझ्या हाती पडली तर वाच. होय, ते त्यांचेही घर होते. तुझा प्रश्न बरोबर होता आणि तुला रांगेत उभे करणे चूक होते. उत्तरास उशीर झाला, याबद्दल आम्हांस क्षमा कर.

नमो बुद्धाय. जय भीम.