सुई काय सांगते?

‘चुंबकीय क्षेत्र’ हा शब्द आम्ही मराठी शाळेत शिकलो. उर्दू शाळेत गेलेल्या भावंडांना तोच ‘मकनातीसी मैदान’ असा भेटला. क्षेत्र म्हणा की मैदान, आम्हा मुरुडवाल्यांच्या डोळ्यांपुढे जमिनीचा तुकडाच येतो. भौतिकशास्त्राला मात्र जमीन अभिप्रेत नाही. अवकाशातल्या प्रत्येक बिंदूशी काही एक तीव्रता आणि दिशा जोडलेली असते. त्या सगळ्यांचे मिळून क्षेत्र होते.

ते दिसत नाही. मग त्याला अर्थ येतो कोठून? त्याच्या परिणामातून. एकक विद्युतभारावर जितके बल येईल तितके तिथले विद्युत क्षेत्र. चुंबकीय क्षेत्र ओळखायचे ते सुईच्या वळण्यावरून, धावत्या भारावरच्या बलावरून. सुई उचलून नेली तरी क्षेत्र तिथे असतेच. त्यात ऊर्जा साठते आणि त्याचे तरंग प्रकाशाच्या वेगाने जातात, असे मॅक्सवेलने 1865 साली मांडले.

पण हे क्षेत्र कुणाचे, ते सुईला सांगता येत नाही. याचा दाखला आमच्या मुरुडच्या उत्तरेला, अलिबागेत आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम आणायचे ठरले. रुळांतल्या प्रवाहाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिसळले की सुई फक्त बेरीज दाखवणार! म्हणून नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली 1904 साली अलिबागची वेधशाळा सुरू झाली. बांधकामात चुंबकीय साहित्य टाळले होते. 1906 पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेऊन ताडून पाहिल्या गेल्या. विजेची ट्राम 1907 मध्ये धावली.

हेच घरातही घडते. मुरुडहून किब्ला पश्चिमेपासून सुमारे 11 अंश उत्तरेकडे आहे. पृथ्वीचे क्षेत्र इथे 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे अगदी क्षीण. किब्लानुमा लोखंडी कपाटाला खेटून ठेवला, तर सुई कपाटाचेही ऐकते. ती खोटे बोलत नाही. त्या जागेची बेरीज सांगते. त्यातला पृथ्वीचा वाटा किती, कपाटाचा किती, हे शोधणे माणसाचे काम.

आमची मुले सूत्रे पाठ करून मार्क मिळवतात, पण त्यातल्या अक्षराचा अर्थ विचारला की गप्प होतात. सूत्राआधी त्यांच्या हाती एक सुई द्यावी. आधी कपाटापाशी न्यावे, मग पुळणीवर. फरक डोळ्यांनी पाहिला, की ‘हे क्षेत्र कुणाचे?’ हा प्रश्न ती आपणहून विचारतील.