स्वयंपाकघरातला किरणोत्सव

मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या अल्बममध्ये तुमचं स्वयंपाकघर आहे का हो? जरा उठून बघून या. लग्न असेल, बारसं असेल, महाबळेश्वरला घोड्यावर बसलेली मुलं असतील, पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी डोळे मिचकावत उभी राहिलेली सगळी पलटण असेल. पण ज्या खोलीत आपला अर्धा जन्म गेला, तिचा फोटो सापडायचा नाही. माझ्याकडे असा एक आहे. तोही चुकून राहिलेला.

माझं माहेर कोल्हापुरातलंच, शुक्रवार पेठेतलं. सासर शिवाजी पेठेत. त्यामुळे 'माहेरी जाऊन येते' म्हटलं की कुकर लावायच्या आत परत यायची सोय! घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर कौलं. दारातून चार पावलं गेलं की पंचगंगेच्या घाटाचा रस्ता. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, आणि इतकं अंधारं की नव्या सुनेने मीठ म्हणून साखर घालावी. तेवढ्यासाठी आमच्या आबांनी छपरात एक काचेचं कौल बसवून घेतलं होतं. त्या कौलातून सकाळी उन्हाचा एक पट्टा खाली उतरायचा. आईचं घड्याळ तेच. पट्टा जात्यावर आला की आमची शाळेची वेळ, तिवईवर आला की नळ जायची वेळ. थंडीत पट्टा लांब सरकायचा आणि मांडणीवरच्या पितळी डब्यांवर चढायचा. तेव्हा डबे असे उजळायचे की बस! आई हसून म्हणायची, "आला बघा आपला किरणोत्सव."

बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते. आमच्या अंबाबाईचं तोंड पश्चिमेकडे. वर्षातून दोनदा, ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. अर्थात आभाळ स्वच्छ असेल तर. ढग आला, धूळ उठली किंवा वाटेत एखादी नवी इमारत आडवी आली, की किरणं अर्ध्यातच विरतात. मग गर्दीतून एकदम 'अरेरे' असा सूर निघतो. लहानपणी आईचा हात धरून त्या गर्दीत मी कितीतरी वेळा उभी राहिले आहे. दिसायची मात्र पुढच्या बाईची वेणी!

आबांकडे एक आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. काळा, डबीसारखा. मागे छोटीशी लाल खिडकी, तिच्यात फिल्मचा नंबर दिसायचा. एका फिल्मवर फोटो फक्त बारा. त्या बारांचं आमच्या घरी वाण्याच्या यादीसारखं अंदाजपत्रक व्हायचं. चार आत्याच्या मंगळागौरीला, दोन जोतिबाच्या चैत्र यात्रेला, एक आजोबांचा खुर्चीतला, वगैरे. आबा अभिमानाने सांगायचे, की कॅमेरा हे आपल्या गावचंच प्रकरण आहे. ते खोटं नव्हतं. बाबूराव पेंटरांनी इथेच, स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पडद्यावर काम करायला बाईमाणूस मिळणं मुश्कील, असा तो काळ! खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो त्याचीच आठवण. पण एवढ्या अभिमानाच्या गावात आमच्या आईच्या हातात मात्र कॅमेरा कुणी दिला नाही, आणि तिनेही मागितला नाही.

मी तेरा-चौदा वर्षांची असेन. हिवाळ्याची सकाळ. आई चुलीपुढे बसलेली, चुलीचा धूर आणि त्यातून तिरपा उतरलेला तो पट्टा, अगदी धरून वर चढावा असा. कपाटावर कॅमेरा होता, फिल्ममध्ये दोनच फोटो उरले होते. मी कॅमेरा काढला, आईला म्हटलं, "हलू नकोस, अजिबात हलू नकोस," आणि खटका दाबला.

फिल्म धुऊन आली तेव्हा आबांनी कपाळाला हात लावला. "अगं, बारातला एक घालवलास की चुलीवर!" फोटो खरंच वाईट होता. तीन-चतुर्थांश काळोख. मधून पांढरा पट्टा, कडेला डब्यांची चमक, आईची पाठ आणि एक हात. चेहरा नाहीच. खाली कोपऱ्यात एक पांढरा ओघळ; फिल्मवर डाग पडलाय, असं सगळ्यांचं मत झालं. असला फोटो अल्बममध्ये कोण चिकटवणार? मी तो माझ्या वहीत ठेवला. पुढे ती वही पाककृतींची झाली, तिच्याबरोबर तो सासरी आला. आणि लोणच्याच्या मसाल्याच्या पानात इतकी वर्षं खूण म्हणून राहिला.

आता २०१९ च्या ऑगस्टकडे येते. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी चहाआधी एकच प्रश्न असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी ते ५५ फुटांच्याही वर गेलं. भाऊ-वहिनींनी आईला आणि गॅसची टाकी बाहेर काढली, कागदपत्रांची पिशवी घेतली. अल्बम खालच्या कपाटात राहिले. कुणाला सुचणार हो त्या वेळी? पाणी उतरल्यावर गेलो, तर मागची भिंत खचून छप्पर स्वयंपाकघरात आलेलं. काचेच्या कौलाचा तुकडासुद्धा मिळाला नाही. चिखलातून पितळी डबे निघाले तेवढेच.

अल्बम निघाले ते विटेसारखे. मी घाईने एक पान उचकटलं आणि आत्याचं अर्धं तोंड पलीकडच्या पानावर गेलं. असे चार फोटो माझ्याच हातांनी गेले, ते अजून सलतात. मग ओळखीच्या स्टुडिओतल्या काकांनी सांगितलं, ते तुम्हालाही सांगून ठेवते. देव करो आणि लागू नये. चिकटलेले फोटो कोरडे असताना कधी ओढू नका. परातीत स्वच्छ गार पाणी घ्या, त्यात ते अलगद सोडा, आपसूक सुटू द्या. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही. मग सुती कापडावर, चित्र वर करून, सावलीत वाळवायचे. उन्हात टाकले की कुरवंड्यांसारखे वळतात. एवढी सवड नसेल तर ओले फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा, सवडीने काढा. माझ्या फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी आजोबा पंधरा दिवस होते! काळेपांढरे फोटो बरेच तगले. रंगीत मात्र ओघळले. धाकट्या बहिणीच्या लग्नातला शालू नवरदेवाच्या तोंडावर उतरला. आणि हो, ज्यांना चिकट पानांचा अल्बम आहे, त्यांनी पाऊस सुरू व्हायच्या आधीच प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून मुलांना पाठवून द्या. आजच.

वाळवलेले फोटो मांडून बसलो, तेव्हा लक्षात आलं. माणसं सगळी होती. घर कुठेच नव्हतं. असलंच तर कुणाच्या तरी खांद्यामागे बोटभर भिंत.

तेव्हापासून मला हा नाद लागलाय. पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाते, हातात मोबाईल. सगळे संध्यामठाचा नाहीतर शालिनी पॅलेसचा फोटो काढत असतात. देखणंच आहे ते, मीही काढते. पण कठड्यावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, फुटाण्यांची पुडी बांधणाऱ्या मावशींची बोटं, गंगावेशीत म्हैस दारात बांधून पेल्यात धार काढून देणारा दादा, हेही टिपते. घरी आल्यावर ओट्यावरची कोथिंबीर. मुलगा म्हणतो, "आई, मेमरी भरली." हे म्हणतात, "कोथिंबीर उद्याही मिळणार आहे." मी काही बोलत नाही.

गेल्या नोव्हेंबरात, किरणोत्सवाच्या दिवसांत, आईकडे गेले. ती आता भावाच्या फ्लॅटवर असते, चौथ्या मजल्यावर, भरपूर उजेडात. गर्दीत तिला आता उभं राहवत नाही. बोलता बोलता मी वहीतला तो जुना फोटो तिच्या हातात दिला. तिने चष्मा पुसला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ न्याहाळला. डबे ओळखले, जातं ओळखलं, स्वतःचा हात बांगड्यांवरून ओळखला. मी म्हटलं, "फिल्मवर डाग पडला नसता तर जरा बरा आला असता गं."

"डाग कुठला?" आई म्हणाली. "दूध उतू गेलंय ते. हलू नकोस, हलू नकोस म्हणून तूच बसवून ठेवली होतीस की मला!"