आच मंद ठेव

तर मंडळी, झालं असं की गेल्या रविवारी माळा आवरताना माझ्या आजोबांची चकमक सापडली. पोलादाचा तुकडा आणि गारगोटी. ठिणगी झेलायला जळका कापूस लागतो, तो अर्थातच संपलेला. लेक बाबांच्या मागे लागला, "आबा, पेटवून दाखवा ना!"

जुन्या सुती बनियनची चिंधी, झाकणाला भोक पाडलेला पत्र्याचा डबा आणि गॅस. बाबा म्हणाले, "आच मंद ठेव. भोकातून येणारा धूर थांबला की उतरव, आणि गार झाल्याशिवाय उघडू नकोस." पण मी पडलो इंजिनियर! म्हटलं, कोळसाच करायचाय ना, मग जितका तापेल तितका बरा. "बाबा, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं," असंही बोलून गेलो. पोरासमोर. आणि डबा लाल होईपर्यंत तापवला.

चिंधी काळी कुळकुळीत, पण हात लावताच भुगा. वीस-पंचवीस ठिणग्या वाया गेल्या. बाबा काही न बोलता आत गेले.

रात्री वाचत बसलो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. हवेशिवाय तापवला की साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्याचे रेणू तुटतात, धूर निघून जातो, कोळसा उरतो. पण सगळा कोळसा सारखा नसतो! कमी तापलेल्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट शिल्लक असतात. आणखी तापवलं की ते निघून जातात, बारीक छिद्रं उघडतात, कार्बनची टोकं मोकळी होतात. हवेतला ऑक्सिजन या टोकांना चिकटतो आणि चिकटताना उष्णता सोडतो. इवल्याशा ठिणगीचा निखारा होतो तो या उष्णतेच्या मदतीने. १९८० साली ब्रॅडबरी आणि शफीझादे या संशोधकांनी दाखवलं, की ५५० अंशांच्या आसपास केलेला कोळसा ऑक्सिजन सर्वात जोरात धरतो. त्यापुढे कार्बन आपापसातच जोडला जातो, मोकळी टोकं कमी होतात. लाल डब्यात मी बहुधा हेच करून बसलो होतो.

बाबांकडे थर्मामीटर नव्हता. धूर होता.

काल पुन्हा डबा चढवला. मंद आचेवर. तो गार होत असताना म्हटलं, "बाबा, रविवारी चुकलं माझं."

"हं," बाबा म्हणाले. "गारगोटी दे इकडे."

तिसऱ्या ठिणगीला चिंधीवर लाल ठिपका उमटला आणि हळूहळू पसरत गेला. लेक नाचायला लागला. बाबा हसले.

असो. तुमच्या माळ्यावर काय काय आहे?