‘घरी इंग्रजीतच बोला’ म्हणणाऱ्यांचे प्रशिक्षण

‘घरी जरा इंग्रजीत बोलत चला, म्हणजे वर्गात त्याला जड जाणार नाही.’ कॅनडातल्या वॉन शहरातल्या मराठी घरांत हे वाक्य अजूनही शाळेतून येते आणि मला त्याचा अजूनही राग येतो. ते कुणी दुष्टपणे बोलत नाही, उलट अगदी मायेने बोलते. म्हणून तर त्याला उत्तर देणे कठीण. पुण्याहून, नाशिकहून नुकत्याच आलेल्या आईबापांना शाळेचा शब्द मोडायची सवय नसते. बाई म्हणाल्या ना, मग त्याच संध्याकाळपासून घरात ‘ईट युवर डिनर’ सुरू होते आणि भारतातल्या आजीच्या फोनवर नातू मुका होतो. मला खटकते ते असे, की इथल्या ओंटारिओ प्रांताच्या शिक्षण खात्याने याच्या बरोबर उलटे सांगितले आहे. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांबद्दल 2005 साली खात्याने शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली आणि बालवर्गांसाठी वेगळी 2007 साली. दोन्हींचा रोख स्पष्ट आहे: घरची भाषा टिकू द्या, पालकांना ती बोलायला सांगा. म्हणजे कागदाला दोन दशके जे कळले आहे ते तोंडापर्यंत पोचलेले नाही. दरम्यान प्रशिक्षणांना मात्र तोटा नाही.

ही प्रशिक्षणे बहुतेक पालकांसाठी असतात. मूल ज्या वर्षी चार वर्षांचे होते त्या वर्षी सप्टेंबरात ते ज्युनियर किंडरगार्टनला जाऊ लागते आणि त्याआधीपासूनच सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अर्लीऑनची मोफत केंद्रे असतात. मुलाशी कसे बोलावे, कोणती पुस्तके वाचावीत, स्क्रीन किती वेळ दाखवावा याची सत्रे चालतात, पत्रके मिळतात. ती वाईट नाहीत. पण त्यांतून असे सुचते की अडचण घरात आहे आणि शाळा ती दुरुस्त करते आहे. माझे म्हणणे उलटे आहे. मुलांच्या भाषेविषयीचे प्रशिक्षण आधी आणि सक्तीने शिक्षकांना मिळाले पाहिजे, कारण सल्ल्याचे वजन त्यांच्याकडे आहे. पालकांनी दहा सत्रांत ऐकलेले शिक्षकाच्या एका वाक्याने पुसले जाते. ओंटारिओत इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवण्याची खास पात्रता शिक्षक आपल्या इच्छेने, नोकरी सांभाळून घेतात. ज्याच्या वर्गात पंधरा घरभाषांची मुले बसतात त्याने ती घेतलेली असेलच असे नाही.

शिक्षकाला कळायला हवे ते फार गूढ नाही, आणि त्यातले बरेच कॅनडातच शोधले गेले आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी 1984 साली दाखवले की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ मधला फरक सहज ओळखतात, पण तो कानावर पडत नसेल तर वर्षाची होईपर्यंत तो त्यांच्या हातून निसटतो. म्हणजे कान वर्षाच्या आतच घरच्या भाषेला जुळतो. मराठी घरातले मूल शाळेत येते तेव्हा कोऱ्या पाटीने येत नाही, एका भाषेची चार वर्षांची कमाई घेऊन येते. ही कमाई मोजायची तर दोन्ही भाषांतली मिळून मोजावी लागते. फक्त इंग्रजी शब्द मोजले तर दोन भाषांचे मूल मागे दिसणारच. एलेन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी 2010 साली 3 ते 10 वर्षांच्या 1,738 मुलांचे आकडे मांडले. द्विभाषक मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह सरासरीने कमी निघाला, पण ही तूट मुख्यतः घरगुती वापराच्या शब्दांत होती, शाळेच्या शब्दांत ती जवळपास नव्हती. साहजिकच आहे. ज्या मुलाच्या घरी झारा, परात आणि पोळपाट आहे त्याला त्यांची इंग्रजी नावे कोण सांगणार? हे काम यॉर्क विद्यापीठातले. वॉन मेट्रोपॉलिटन सेंटरहून सबवेने तिसरे स्टेशन. इतक्या जवळचे संशोधन शाळेच्या दारात पोचायला इतका वेळ का लागतो, हे मला खरोखर उमगत नाही.

सगळ्यांत जास्त मला अस्वस्थ करते ते जिम कमिन्स यांचे काम. टोरांटो विद्यापीठाच्या या अभ्यासकाने पश्चिम कॅनडातल्या एका शहरातील चारशेहून अधिक स्थलांतरित मुलांची कागदपत्रे तपासली: शिक्षकांनी ‘या मुलाची तपासणी करा’ म्हणून भरलेले अर्ज आणि त्यावर मानसशास्त्रज्ञांनी दिलेले अहवाल. 1984 साली ते पुस्तकरूपाने आले. त्यातून दिसते ते असे. मूल देशात येते, वर्षा-दोन वर्षांत मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलू लागते. शिक्षक समजतात, आता भाषेचा प्रश्न मिटला. मग ते गणिताच्या शाब्दिक उदाहरणात अडते, उताऱ्यावरच्या प्रश्नांत अडते. भाषेचा प्रश्न तर मिटलेला, मग दोष कुठे? बुद्धीत! इंग्रजीतली बुद्धिमापन चाचणी लावली जाते, तिच्यातले शाब्दिक गुण घसरतात आणि मुलावर शिक्का बसतो. गंमत म्हणजे चित्रे जुळवण्या-रचण्याच्या भागात तेच मूल नीट चालत असले तरी शिक्का शब्दांवरूनच बसतो. कमिन्स यांनी आकडेवारीवरून सांगितले की गप्पांचे इंग्रजी यायला साधारण दोन वर्षे लागतात, पण पाठ्यपुस्तकाच्या इंग्रजीत इथल्या मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात. या मधल्या वर्षांत किती मुले नको त्या वर्गात जाऊन बसली असतील? आणि त्यांच्या आईबापांना काय सांगितले गेले असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. अर्ज भरणारे शिक्षक चांगलेच होते. त्यांना मुलाची काळजी होती म्हणून तर त्यांनी अर्ज भरला. पण काळजी होती आणि माहिती नव्हती, आणि माहिती नसलेली काळजी मुलाच्या फायलीत कायमची चिकटून बसते. आज चाळीस वर्षांनी चाचण्या सुधारल्या आहेत, हे मान्य. मात्र ‘बोलतो तर चांगला, मग लिहिताना का अडतो’ हा प्रश्न आजही पालकसभेत त्याच सुरात विचारला जातो.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. वर्गात मूल तीन-तीन महिने गप्प बसते, त्याला शी-शूसुद्धा सांगता येत नाही, अशा वेळी शिक्षकाने काय घरभाषेचे गोडवे गायचे? अडचण खरी आहे. पण ती शाळेने दिवसभरात सोडवायची आहे, कारण दिवसभर मूल तिच्याकडेच असते. इंग्रजी वॉनच्या रस्त्यावर, पार्कात, टीव्हीवर, हिवाळ्यातल्या स्केटिंगच्या वर्गात पाण्यासारखी मिळते. मराठी फक्त एकाच नळाला येते. तो नळ बंद केल्याने इंग्रजीचा दाब वाढत नाही. गोष्टीत आधी काय, नंतर काय, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ कसे जोडायचे, हे मूल एका भाषेत शिकले की दुसरीत नव्याने शिकावे लागत नाही. कमिन्स यांचा 1979 पासूनचा सिद्धांत हाच. आणि भाषा सोडण्याची किंमत काय असते ते लिली वाँग फिलमोर यांनी 1991 साली अमेरिकेतल्या हजाराहून अधिक स्थलांतरित कुटुंबांच्या पाहणीतून मांडले. मुले जितक्या लहानपणी इंग्रजी बालवाडीत गेली तितकी घरची भाषा लवकर सुटली, आणि मुले मोठी होईपर्यंत आईबापांना त्यांच्याशी मनातले बोलायला भाषाच उरली नाही.

इथे कुणी म्हणेल, आमचे इंग्रजी काही मोडकेतोडके नाही. वॉनमधले बरेच मराठी पालक आयटीत आहेत, दिवसभर इंग्रजीतच बैठका घेतात. त्यांच्या मुलांचे इंग्रजीवाचून नुकसान होणार नाही, हे खरे. पण मग त्या सल्ल्याने त्यांना मिळवून तरी काय दिले? जे इंग्रजी येणारच होते ते आले, आणि मराठी तेवढी गेली. दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, असा प्रचार मी करणार नाही. त्याबद्दल संशोधकांतच जोरदार वाद आहे आणि मराठीला च्यवनप्राश म्हणून विकण्याची गरजही नाही.

पालकांच्या प्रशिक्षणावर मी इतका वेळ तोंडसुख घेतले, तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1975 साली आयाला मॅनोल्सन यांनी मॉन्ट्रिअलमध्ये सुरू केलेले आणि पुढे टोरांटोला आलेले हॅनन सेंटर उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आईबापांना शिकवते ते साधे आहे: बघा, थांबा, ऐका. मुलाला प्रश्न विचारून भंडावू नका, त्याने सुरुवात करावी म्हणून जागा ठेवा. हे कोणत्याही भाषेत करता येते, आणि आपल्याकडच्या ‘काकांना पोएम म्हणून दाखव’ संस्कृतीला तर ते फारच लागू आहे. माझे भांडण आहे ते घरांना तुटीच्या वहीत मांडणाऱ्या प्रशिक्षणाशी. 1995 साली बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांच्या पुस्तकातून तीन कोटी शब्दांच्या दरीची कल्पना जगभर गेली: गरीब घरातल्या मुलाला तीन वर्षांचे होईपर्यंत तेवढे शब्द कमी ऐकू येतात. मूळ अभ्यास 42 कुटुंबांचा, त्यांतली सरकारी मदतीवरची अवघी 6. पुढे डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या माणसांचे, मुलाच्या कानावर सहज पडणारे बोलणेही धरले, तेव्हा चित्र बदलले. एकाच खोलीत आजी, मावशी, शेजारीण आणि व्हिडिओ कॉलवरचे आजोबा बोलत असतात, अशा घरात आईने मुलाकडे तोंड करून उच्चारलेले शब्द तेवढे मोजायचे, तर ते घर गरीबच ठरणार. अर्थात यावरही वाद आहे. मुलाशी थेट बोलण्याचे मोल जास्त, असे अनेक अभ्यासक ठामपणे सांगतात आणि त्यांचे म्हणणे मला टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मुलाला खरोखरच भाषेचा विकार असेल तर? साधारण शंभरातल्या सात मुलांना तो असतो. पण अशी अडचण दोन्ही भाषांत दिसते, आणि एक भाषा काढून घेतल्याने ती बरी होत नाही, हे फ्रेड जेनेसी आणि योहान पॅराडिस यांच्यासारख्या कॅनडातल्याच अभ्यासकांनी वारंवार सांगितले आहे. मात्र याच ठिकाणी आपल्या लोकांचेही चुकते. ‘दोन भाषा आहेत ना, मुलगे उशिराच बोलतात’ असे म्हणत मौल्यवान वर्षे घालवली जातात. मराठीतही दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, तर त्याचे खापर द्विभाषकतेवर फोडू नये. ओंटारिओत अठराव्या महिन्याची तपासणी असते, शाळेआधीच्या वयासाठी सरकारी खर्चाने वाचा-भाषा सेवा असते आणि पालक तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट नाव नोंदवू शकतात.

कॅनडातल्या शिक्षकांवर बोट रोखताना आपले अंगणही पाहावे लागते. वारली मुलाला ‘नीट मराठीत बोल’, अहिराणी किंवा वऱ्हाडी मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणणारे शिक्षक आपलेच. वॉनमध्ये आपल्याला जे टोचते ते आपण पिढ्यान्‌पिढ्या इतरांना टोचत आलो. आणि त्यावरचा इलाजही महाराष्ट्रातच झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. मूळच्या अमेरिकन मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर भाषाशास्त्राची डॉक्टरेट केली आणि तिथेच राहून प्रगत शिक्षण संस्था उभारली. आधी मुलाची बोली ऐकायची, मग अक्षर शिकवायचे, हा क्रम शिक्षक-प्रशिक्षणात आणणारी माणसे आपल्याकडे होती.

शिक्षकाला पंधरा भाषा कशा येणार, हा शेवटचा आक्षेप. येण्याची गरजच नाही. जवळच्या मिसिसॉगातल्या थॉर्नवूड शाळेत या शतकाच्या सुरुवातीला शिक्षकांना मुलांच्या भाषा येत नसतानाही मुलांनी आईबापांच्या मदतीने दोन-दोन भाषांतली पुस्तके लिहिली. शिक्षकाला एवढेच विचारता आले पाहिजे: घरी कोणत्या भाषेत बोलता, मूल त्या भाषेत गोष्ट सांगते का, त्या भाषेत तरी तुम्हाला काळजी वाटते का? हे तीन प्रश्न विचारायला शिकवणारे प्रशिक्षण एका दुपारीत होईल. ओंटारिओत आंतरराष्ट्रीय भाषांचे वर्ग 1977 पासून आहेत आणि वॉनच्या इटालियन घरांनी ते पुरेपूर वापरले. आपण मात्र 27 फेब्रुवारीला मराठी दिनाची भाषणे करतो, मराठीला 2024 साली मिळालेल्या अभिजात दर्जाचे पेढे वाटतो आणि शाळेने सांगितले की मुलाशी मराठी बोलणे थांबवतो.

तेव्हा वॉनमधल्या, ब्रॅम्प्टनमधल्या, कुठल्याही गावातल्या मराठी आईबापांना एकच सांगणे. शाळेतून ‘घरी इंग्रजीत बोला’ असा सल्ला आला, तर भांडू नका आणि मानही डोलावू नका. ‘हे कशाच्या आधारावर, ते मला लेखी द्याल का?’ एवढे नम्रपणे विचारा. शिक्षण खात्याच्या मार्गदर्शिका हाताशी असताना हा सल्ला लेखी देणे कुणालाही अवघडच जाईल.