उसनी नावे

हार्मनी कोरीनच्या 'मिस्टर लोन्ली' (२००७) या चित्रपटाची गोष्ट सांगू लागलो की ऐकणारा हमखास हसतो. पॅरिसमध्ये मायकल जॅक्सनचे सोंग घेऊन पोट भरणारा एक तरुण. वृद्धाश्रमातल्या कार्यक्रमात त्याला भेटलेली मेरिलिन मन्रो. आणि तिच्या सांगण्यावरून त्याने गाठलेला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला एक किल्लेवजा वाडा. तिथे चार्ली चॅप्लिन, अब्राहम लिंकन, पोप आणि इंग्लंडची राणी मेंढ्या पाळीत एकत्र राहतात. आम्हीही आरंभी हसलो. ते हसू फार वेळ टिकले नाही.

आपल्याकडचा बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात येतो, दरडावतो, घरच्यांना हसवतो आणि दान घेऊन पुढच्या दारी जातो. सोंग कुठे संपते हे त्याला ठाऊक असते आणि आपल्यालाही. कोरीनच्या वाड्यातली माणसे सोंग उतरवीतच नाहीत. लिंकन तर अर्वाच्य शिव्या देतानाही लिंकनच असतो. त्यांना परस्परांची खरी नावे ठाऊक आहेत की नाहीत, कोण जाणे. नाव टाकले की त्यासोबतचे दुःखही टाकले, अशी त्यांची भाबडी श्रद्धा. दिग्दर्शक या श्रद्धेची टिंगल करीत नाही, हे या चित्रपटाचे मोठेपण.

मात्र वेष बदलला म्हणून घर बदलत नाही. मेरिलिनचा नवरा चॅप्लिन, मुलगी शर्ली टेंपल. हा चॅप्लिन (दनी लावाँ) बायकोला उन्हात झोपलेली तशीच सोडून देतो आणि तिची कातडी भाजून निघते. तुझ्यात चॅप्लिनपेक्षा हिटलरच अधिक दिसतो, असे ती एकदा त्याला ऐकवते. मिशी दोघांचीही तीच! सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे येत नाही, असे आपण म्हणतो. प्रेमाचेही येत नाही, हे समँथा मॉर्टनच्या चेहऱ्यावर वाचता येते.

मग मेंढ्यांना रोग होतो, त्या गोळ्या घालून माराव्या लागतात. मोठ्या हौसेने उभारलेल्या नाट्यगृहातल्या खेळाला मूठभर प्रेक्षक येतात. त्यानंतर मेरिलिन झाडाला गळफास घेते. खरी मन्रो १९६२ साली गेली ती झोपेच्या औषधांच्या अतिसेवनाने. या बाईने चालणे, हसणे, केसांचा रंग, सारे उसने घेतले होते. मरण तेवढे नकललेले नाही. हे ध्यानात आले आणि आम्ही काही काळ गप्प झालो.

विमानातून पडूनही ईश्वरकृपेने वाचणाऱ्या जोगिणींचे दुसरे कथानक मुख्य कथेला नीट जोडले गेलेले नाही, असे आमचे मत. वर्नर हर्झोगने रंगवलेला पाद्री मात्र विसरता येत नाही. याही श्रद्धेचा शेवट समुद्रात कोसळणाऱ्या विमानात होतो. कोरीन कुणालाच सूट देत नाही.

चित्रपट आला तेव्हा जॅक्सन हयात होता. जो माणूस स्वतःच्याच चेहऱ्यापासून आयुष्यभर दूर पळत राहिला, त्याचा चेहरा आसऱ्यासाठी निवडावा, यातला विपर्यास तेव्हाही जाणवण्याजोगा होता. जून २००९ मध्ये जॅक्सन गेला. आता हा चित्रपट पाहताना दिएगो लुनाच्या लाजऱ्या, अडखळत्या मायकलकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते: अस्सल गेले, नक्कल पडद्यावर नाचते आहे. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना तो मरू नका, कायम जगा, असे विनवतो, तो प्रसंग तर आता पाहवत नाही.

अखेरीस हा तरुण पॅरिसला परततो आणि सोंग टाकून साध्या कपड्यांत रस्त्यावर उतरतो. त्याच्याकडे वळून पाहणारे आता कुणी नाही. त्याचे खरे नाव चित्रपट आपल्याला सांगत नाही.